फळ्यावरचा उजेड

मी गिरणीतला माणूस. सूतगिरणीत रिंगफ्रेमवर सायडर आहे, तोही बदली. शाळा दहावीला सुटली. पुढचं शिक्षण समाजमंदिरातल्या पुस्तकांच्या कपाटानं केलं. कविता लिहितो. पण या खेपेला कविता नको, घडलं ते सरळ लिही, असं संपादक म्हणाले. म्हणून हे लिहितोय. लिहिण्यात गावची बोली आणि पुस्तकातली भाषा एकमेकांत मिसळणार. मिसळू द्या. जगतानाही ती तशीच मिसळलेली असते.

विषय मोठा नाही. खांबावरच्या दिव्याचा आहे.

आमचं गाव खर्ड्याच्या अंगाचं. तालुका जामखेड, जिल्हा अहमदनगर, २०२४ पासून कागदावर अहिल्यानगर. बालाघाटाचा डोंगर, पलीकडं बीड आणि धाराशिव. आमचा बाजार खर्ड्याचा, एस.टी. खर्ड्याची, दवाखाना खर्ड्याचा. गावाचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर हे एका गावाचं भांडण होईल. आणि आई अजून तिथंच राहते.

खर्डा शाळेच्या पुस्तकात येतं ते ११ मार्च १७९५ च्या लढाईसाठी. मराठ्यांनी निजामाला हरवलं. माझ्या आज्ज्याला त्या लढाईतला एकच माणूस ठाऊक होता, शिदनाक महार. सांगतात की छावणीत शिदनाकाचा तंबू इतरांच्या तंबूंत होता आणि त्यावरून तक्रार झाली, महाराचा तंबू आमच्यात कशाला. तेव्हा हिरोजी पाटणकरांनी तक्रारवाल्यांना गप्प केलं, की ही जेवणाची पंगत नव्हे, इथं तलवार बघायची. पुढं त्याच शिदनाकानं रणात परशुरामभाऊ पटवर्धनांचा जीव वाचवला म्हणतात. आज्जा ही गोष्ट सांगून शेवटी विचारायचा, "लढाई सरल्यावर तंबू कुठं गेला रं त्याचा?" मी गप्प. मग तोच सांगायचा, "गावाभाईर."

आमची वस्ती अजून तिथंच आहे. गाव आणि वस्तीच्या मधी ओढा. ओढ्यावर मोरी. मोरीला कठडा नाही. २०२० च्या डिसेंबरात सरकारनं वस्त्यांची जातीवरची नावं काढायचं ठरवलं, तशी आमच्याकडंही महारवाडा गेला आणि समतानगर आलं. पाटी चांगली आहे, निळी आहे. फक्त रात्री वाचता येत नव्हती.

भीती म्हणजे काय ते मला २०१४ साली कळलं. तेव्हा मी बारा-तेरा वर्षांचा असेन. २८ एप्रिलला खर्ड्यात नितीन आगेचा खून झाला. सतरा वर्षांचं पोर. महाराष्ट्रभर मोर्चे निघाले, पुढारी आले, गाड्यांचा धुरळा उडाला. नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदार एकामागून एक फितूर झाले होते. त्या तीन वर्षांत माझी उंची वाढली, आवाज फुटला, आणि आईची एक सवय पक्की झाली. दिवस मावळला की ती दारात उभी राहून नावानं हाका मारायची. मी घरात शिरेपर्यंत मारायची. कुणी तरी मोठं पोर म्हणून मला हसायचं. ती ऐकायची नाही.

गिरणीत लागलो तेव्हा पहिल्यांदा रात्रभर जळणारा उजेड बघितला. रिंगफ्रेमच्या डोक्यावर ट्यूबलाइटची ओळ. एक ट्यूब गेली तर सुपरवायझर ओरडतो आणि अर्ध्या तासात वायरमन शिडी घेऊन हजर. का? तर अंधारात तुटलेला धागा दिसत नाही. धागा तुटला की माल खराब. मी किती तरी रात्री त्या ट्यूबांखाली उभा राहून मनात म्हटलंय, आमच्या मोरीवरून रोज माणसं जातात, तिथं तुटलेलं कुणाला दिसत नाही.

गिरणीच्या फाटकात एक फळा आहे. अपघाताविना किती दिवस गेले त्याचा आकडा रोज वाढवून लिहितात. माझ्या जोडीदाराचं बोट कार्डिंगमध्ये गेलं, त्या दिवशीही आकडा वाढला. तेव्हापासून मी फळे बारकाईनं वाचतो. ही सवय पुढं कामाला आली.

गेल्या पावसाळ्यात, पोळ्याच्या आदल्या दिवशी, आई खुरपणीवरून उशिरा परत येत होती. अंधार, वरून भुरभुर. मोरीवर पाय घसरला. खाली ओढ्यात दगडावर पडली. उजवं मनगट मोडलं. मी तिसऱ्या पाळीत. फोन लॉकरमध्ये. सकाळी सातला कळलं. घरी पोचलो तर ती प्लास्टर घालून बसलेली आणि पहिलं काय म्हणाली, "तुजा खाडा पडला न्हवं?"

दुसऱ्या दिवशी एका दाखल्यासाठी ग्रामपंचायतीत गेलो. बाहेर भिंतीवर विकासकामांचा फळा. त्यात एक ओळ. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्ती, पथदिवे, ६ नग, काम पूर्ण. खाली मोठ्या अक्षरात, गावाचा विकास, सर्वांची सुरक्षा.

मी ती ओळ तीनदा वाचली. मग वस्तीत येऊन दिवे मोजले. दोन. त्यातला एक मेलेला. मोरीवर खांब होता, खांबावर काही नव्हतं.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "आसंल चुकून लिव्हलेलं. तू कशापायी मधी पडतो? खर्ड्याचं इसरला का?" दोस्तांनो, या एका वाक्यावर आपली किती पोरं घरात बसली असतील. मी पण बसलो. दोन दिवस बसलो. मला आईचा राग आला नाही. तिनं चुकीचं काय सांगितलं? दिवा लागला म्हणून खून थांबत नाहीत, हे मलाही कळतं. पण अंधार कुणाच्या तरी नावावर खर्ची पडलाय हे एकदा वाचल्यावर डोळा लागेना.

मग अर्ज केला. माहितीचा अधिकार, २००५ चा कायदा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. मागितलं काय? कामाचं अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तकाची नक्कल, बिल, पूर्णत्वाचा दाखला आणि कामाचे फोटो. कारण लिहावं लागत नाही. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. सत्ताविसाव्या दिवशी बोलावणं आलं. चौदा पानं, दोन रुपयांनी अठ्ठावीस रुपये. देताना ग्रामसेवकांनी विचारलं, "गिरणीत हायेस ना? मग हे कशाला लागलं तुला?" म्हटलं, साहेब, आई गिरणीत राहत नाही.

कागदांत फोटो होते. सहा दिव्यांचे सहा फोटो. दिव्याच्या दांडीपाशी एकच वाकलेली तार, खाली समाजमंदिराची एकच भिंत, आणि सहाही फोटोंत एकच कुत्रं त्याच जागी झोपलेलं. फोटो काढणारा थोडा थोडा सरकत गेलेला, कुत्रं काही सरकलं नाही. वस्तीत कागद फिरला तेव्हा सगळे आधी हसले. आजारी म्हातारेसुद्धा हसले. मग हळूहळू हसणं थांबलं. बाकीचे चार दिवे गावाच्या दुसऱ्या टोकाला, एका मोठ्या मळ्याच्या रस्त्यावर जळत होते.

त्या रात्री मी समाजमंदिरातल्या कपाटातून महाडचं पुस्तक परत काढलं. आपण २० मार्च १९२७ दरवर्षी साजरा करतो. त्याच्या आधीच्या तारखा आपण पटकन पुढं सारतो. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदे कौन्सिलात बोल्यांचा ठराव झाला, की सरकारी खर्चाची सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. १९२४ साली महाड नगरपालिकेनं तळं खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर काम पूर्ण! तीन वर्षं तो ठराव दप्तरात पडून राहिला आणि तळ्याला आपल्या माणसाचा हात लागला नाही. बाबासाहेब माणसं घेऊन चालत गेले तेव्हा पाणी खुलं झालं. ते गेल्यावर त्याच नगरपालिकेनं १९२७ च्या ऑगस्टात ठराव मागं घेतला. मग कोर्ट. हायकोर्टाचा शेवटचा निकाल १९३७ ला. दहा वर्षं.

मी हे आधी वाचलं होतं. पण महाड म्हणजे माझ्या डोक्यात फक्त पाणी होतं. त्या रात्री कळलं, महाड म्हणजे नगरपालिकेचा फळासुद्धा. सरकारनं लिहिलेलं आपल्या पायानं खरं करावं लागतं. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत बाबासाहेब खेड्याबद्दल इतकं कडक का बोलले, ते मला फोटोतल्या कुत्र्यानं समजावलं.

२ ऑक्टोबरची ग्रामसभा. गिरणीत सुट्टी मिळाली नाही, खाडा केला. वस्तीतून येतो म्हणणारे वीस होते, आले सात. सातवी आई. प्लास्टर अजून हातात. मी नको म्हणत होतो. ती म्हणाली, "पडले म्या, आन बोलणार तू व्हय?"

विषय निघाला. मी पानं वाचली. आवाज थरथरला, खोटं कशाला सांगू. मागून कुणी तरी म्हणालं, राजकारण करतोय. दुसरं कुणी म्हणालं, दोन दिव्यांनी काय फरक पडतो, म्हातारीचा दवाखान्याचा खर्च काढून देऊ, मिटवा. मी गप्प झालो. खरंच सांगतो, क्षणभर मला ते बरं वाटलं. पैसे लागतच होते.

आई उठली. प्लास्टरचा हात वर केला. म्हणाली, "माजा हात माज्या पैशानं बसंल. दिवा आमच्या नावचा हाय, त्यो द्या."

एवढंच बोलली. सभा गप्प. मी ग्रामसेवकांना म्हटलं, हे प्रोसिडिंगमध्ये लिहा. ते म्हणाले, लिहितो नंतर. म्हटलं, आता लिहा, आणि वाचून दाखवा. वाद झाला. शेवटी लिहिलं. चार दिवे वस्तीत बसवणे, मोरीस कठडा करणे. सूचक म्हणून माझं नाव. अनुमोदकाला हात वर होईना. मग गावातल्या एका म्हाताऱ्या माळी काकांनी हात वर केला. म्हणाले, "माजी गाय बी पडली हुती तितं." त्या गाईचे माझ्यावर उपकार आहेत.

पुढं काय झालं? सगळं गोड झालं नाही. दिवाळीनंतर तीन दिवे बसले. चौथा अजून नाही. कठडा एका बाजूनं झाला. त्या हंगामात आईला कांदा काढणीला बऱ्याच रानांतून बोलावणं आलं नाही. का, ते कुणी तोंडानं सांगितलं नाही. गिरणीत माझे खाडे मोजले गेले आणि दोन आठवडे बदलीत नाव लागलं नाही. तीन दिव्यांची ही किंमत. मी ती लिहून ठेवतोय, कारण फळ्यावर ती कुणी लिहिणार नाही.

खर्ड्यात किल्ल्यापाशी २०२१ च्या दसऱ्याला ७४ मीटर उंचीचा भगवा ध्वज उभारला. बातम्या आल्या, पाहुणे आले. माझं त्या खांबाशी भांडण नाही. पण वस्तीचा खांब धरून हिशेब केला, तर तसले नऊ खांब एकावर एक. मला नवाची गरज नाही. मोरीवर एक, पेटलेला, पुरेल.

आणि आपल्या कवींनाही एक सांगायचंय, मीही त्यातलाच. आपल्या कवितेत सूर्य फार झालाय. माझ्या वहीतच मोजले, अकरा निघाले. वस्तीत मात्र चौथा दिवा नाही. सूर्य लिहायला कुणी अडवत नाही, त्याचं मोजमाप पुस्तक नसतं. दिवा मागितला की कांदा काढणी बंद होते. यावरून ओळखा, व्यवस्था कशाला भिते.

म्हणून मोर्च्याच्या आधी एवढं करा. आपल्या गावचा फळा वाचा आणि वस्तीत येऊन मोजा. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले पंधरा टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असतात, ते कुठं गेले विचारा. वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, त्यांच्या तारखा भिंतीवर लिहून ठेवा. जिल्ह्याच्या दक्षता समितीची बैठक तीन महिन्यांत एकदा व्हायला पाहिजे, अ‍ॅट्रॉसिटीच्या १९९५ च्या नियमांत लिहिलंय, शेवटची कधी झाली विचारा. एकटे जाऊ नका. सात जण तरी जा. आणि आईला घरी बसवू नका.

गेल्या खेपेला घरी गेलो तेव्हा दिवस मावळला होता. मोरीवर आलो. दिवा जळत होता, खाली किडे घोंघावत होते. समतानगरची पाटी वाचता येत होती. लांबून आईची हाक आली, नेहमीसारखीच, नावानं. उजेड असून मारली. मी ओ दिली.

हाक अजून थांबलेली नाही. ती थांबेल तेव्हा काम पूर्ण असं मी स्वतः फळ्यावर लिहीन.

जय भीम.