साधने मुंबईत, श्रोते तेहरानात

फ्रीगंज, उज्जैन
कार्तिक शुद्ध त्रयोदशी

चि. बाळ यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे सविस्तर पत्र पावले. देवासची कायम नोकरी सोडून मुंबईस नटाचा पेशा पत्करावा, की आहे तिथेच राहून गणेशोत्सवातल्या नाटकांवर हौस भागवावी, हा तुझा सवाल. आणि ताईने मला मध्यस्थ नेमले असले तरी घरातल्या कर्त्या माणसांच्या हयातीत निवाडा देण्याचा अखत्यार मामाकडे येत नाही, म्हणून कालिदास समारोहाच्या गर्दीतून दोन प्रहर बाजूला काढून एका परदेशस्थ नटाची कारकीर्द तेवढी तुझ्यापुढे रुजू करतो.

अब्दुलहुसेन सेपंता हा १९०७ साली तेहरानात जन्मलेला मनुष्य. इराणच्या प्राचीन वाङ्मयाचा ध्यास त्याला विशीतच मुंबईस घेऊन आला, कारण दीनशा इराणींसारखे पंडित त्या विद्येची उपासना करीत तिथेच बसले होते. परंतु विद्येच्या वाटेने आलेल्या या तरुणाची गाठ पडली ती पुण्यात जन्मलेल्या अर्देशीर इराणींशी, ज्यांनी १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातल्या मॅजेस्टिक थिएटरात ‘आलम आरा’ दाखवून हिंदुस्थानच्या मुक्या पडद्यास वाचा दिली होती. जवळून रेल्वे जात असल्यामुळे गाड्यांची वर्दळ थंडावली की रात्री चित्रण करायचे, अशी त्या बोलपटाची तऱ्हा होती. त्याचा नायक आपला मास्टर विठ्ठल. मूकपटांतल्या तलवारबाजीने ज्याने हजारोंना वेड लावले, त्याची हिंदुस्थानी वाणी ध्वनियंत्रापुढे टिकेना, तेव्हा त्याची भूमिका बरीचशी बेशुद्धावस्थेत उरकून घेण्यात आली. आपल्याच मुलखात, आपल्याच चाहत्यांपुढे उभा असलेला हा मराठी गडी वाणीने परका ठरला. आणि दोनच वर्षांनी अर्देशीर इराणींच्या त्याच इंपीरियल कंपनीत एक परदेशी तरुण आपली मातृभाषा मोकळ्या गळ्याने बोलू लागला, हा योगायोग मला फार अर्थपूर्ण वाटतो.

१९३३ सालचा ‘दुख्तर-ए-लुर’ हा फारसीतला पहिला बोलपट असा मुंबईत निपजला. निर्मिती अर्देशीर इराणींची, कथासंवाद सेपंताचे, आणि सरकारी कामगिरीवर निघालेल्या जाफर या नायकाची भूमिकाही त्याचीच. नायिकेचे काम रूहअंगीज सामीनेजादने केले. ती मूळची कर्मानची, तिचा नवरा इंपीरियलमध्येच नोकरीस, आणि तिच्या बोलण्यात कर्मानी हेल इतका स्पष्ट की कथानकच त्याच्याशी जुळवून घ्यावे लागले. दरोडेखोरांच्या तावडीतून सुटलेले हे युगुल कथेतही मुंबईसच आश्रयाला येते आणि इराणात सुव्यवस्था नांदू लागल्यावर स्वदेशी परतते. तेहरानात हा चित्रपट लागला तेव्हा आपली भाषा पडद्यावरून ऐकण्यासाठी लोकांची झुंबड उडाली. पुढे सेपंताने ‘फिरदौसी’, ‘शीरीन व फरहाद’ असे आणखी चार बोलपट केले. शेवटचा ‘लैला व मजनू’ कलकत्त्याच्या ईस्ट इंडिया फिल्म कंपनीत.

आता उत्तरार्ध पाहा. तो लिहिताना माझी लेखणी जड होते. एवढा नावलौकिक गाठीस बांधून सेपंता स्वदेशी परतला तो पुनश्च बोलपट करू शकला नाही. सरकारी दफ्तरांत त्याची दाद लागेना, आणि ज्या देशाने त्याला डोक्यावर घेतले होते त्या देशात बोलपट तयार करण्याचा कारखानाच नव्हता. इराणच्या भूमीवर तयार झालेला पहिला फारसी बोलपट उजेडात यायला १९४८ साल उजाडावे लागले. तोवर सेपंता इस्फहानात लोकरीच्या गिरणीत नोकरी करून, पुढे वर्तमानपत्र चालवून दिवस काढीत होता. १९६९ साली तिथेच त्याचा अंत झाला. रूहअंगीजच्या वाट्याला तर पडद्यावर दिसलेली बाई म्हणून कुचेष्टा आणि जाच आला, आणि तिने अभिनयाकडे कायमची पाठ फिरवली.

या कहाणीवरून ‘परदेश चांगला, स्वदेश कृतघ्न’ असा सोपा बोध काढशील तर फसशील. सेपंताचे यश मुंबईच्या यंत्रांचे नव्हते आणि तेहरानच्या गर्दीचेही नव्हते. साधने एका शहरात आणि श्रोते दुसऱ्या शहरात असताना, त्या दोहोंमध्ये चार-पाच वर्षे जो सेतू उभा राहिला, त्याचे ते यश होते. एका तीरावर कायमचा उतरताच तो सेतू तुटला.

हाच सेतू आयुष्यभर सांभाळणारी एक इराणी नटी आपल्या काळात आहे. शोहरे अगदाश्लू ही १९५२ साली तेहरानात जन्मली, रंगभूमीवर नावारूपास आली, १९७७ साली कियारोस्तामींच्या ‘गोजारेश’ चित्रपटात झळकली, आणि क्रांतीच्या धामधुमीत देश सोडून इंग्लंडमार्गे लॉस एंजेलिसला पोहोचली. तिथल्या स्टुडिओंना तिचे फारसी वळणाचे इंग्रजी नको होते, तेव्हा तिने पती हूशंग तौझी यांनी लिहिलेली फारसी नाटके देशांतर केलेल्या आपल्याच लोकांपुढे वर्षानुवर्षे केली. २००३ सालच्या ‘हाऊस ऑफ सँड अँड फॉग’मध्ये देशत्यागी इराणी कर्नलाच्या पत्नीची भूमिका जेव्हा तिच्याकडे चालून आली, तेव्हा जे वळण आजवर अडसर होते तेच भूमिकेचे भांडवल ठरले, आणि ऑस्करच्या नामांकनाचा मान तिला मिळाला, २००९ साली एमी पुरस्कारही पदरी पडला. त्या फारसी नाटकांनी तिची वाणी आणि नट म्हणून तिचा आत्मविश्वास जिवंत ठेवला नसता, तर संधी आली त्या दिवशी तिच्यापाशी देण्यासारखे काय उरले असते, याचा विचार कर.

आता आपल्याकडे वळतो. शिंद्यांच्या अमदानीपासून माळव्यात राहणारी आपण मराठी माणसे घरात मराठी आणि बाजारात माळवी-हिंदी बोलत आलो. तुझ्या मराठीला हिंदीचा हेल आहे आणि हिंदीला मराठीचा. मुंबईत दोन्हीकडचे लोक तो दाखवून देतील. त्याची लाज धरून आवाज घासूनपुसून इतरांसारखा करण्याच्या नादी लागू नकोस; स्वच्छ उच्चारांचा अभ्यास मात्र अवश्य कर, कारण हेल वेगळा आणि गचाळपणा वेगळा.

तेव्हा माझा सल्ला असा. मुंबईस जा, साधने तिथे आहेत आणि ती इथे चालून येणार नाहीत. परंतु जाण्याअगोदर वर्षभराच्या खर्चाची तजवीज कर, राजीनाम्याऐवजी बिनपगारी रजा मिळते का ते पाहा, आणि दरवर्षी गणेशोत्सवात इथल्या मंडळाच्या नाटकात एखादी भूमिका, लहान का होईना, करण्याचा करार स्वतःशी कर. टॉवर चौकात ओळखीचे लोक अडवून तुझ्या कामातले दोष तोंडावर सांगतील. ते ऐकून घे, कारण मुंबईत तुला काम देणारे पुष्कळ भेटतील, पण तुझे मूळचे बोलणे माहीत असलेला प्रेक्षक तिथे मिळणार नाही.

ती. सौ. ताईस शिरसाष्टांग नमस्कार सांगावा. माझा अभिप्राय तिला रुचणार नाही हे मी जाणून आहे, तरी हे पत्र तिला अवश्य वाचून दाखव. कळावे, हे आशीर्वाद.

तुझा,
मामा