जत्रेतील गोडाचे मोल

मार्गशीर्षाच्या वद्य पक्षात नांदेड जिल्ह्यातील माळेगावी खंडोबाची यात्रा भरते, व महाशिवरात्रीस लातुरास सिद्धेश्वराची. घोडे, उंट व गाढवे यांच्या बाजाराबद्दल माळेगावची ख्याती दूरवर आहे. दोन्ही जत्रांत आम्ही सहकुटुंब हिंडलो व जिलेबी, रेवडी, गोडीशेव यथेच्छ खाल्ली. हेच पदार्थ घरी स्वस्तात होत असता येथे पैसा का वेचावा, असे गृहिणी विचारतील.

फ्लोरिडातील डिस्ने वर्ल्ड या १९७१ साली उघडलेल्या क्रीडोद्यानात आतषबाजी पाहावयाची राखीव जागा व मिष्टान्न मिळून भारी दराने विकतात. तेथे दाम जागेचे, गोड केवळ निमित्त! दहा माणसांच्या कुटुंबात चौघांपुरतीच ऐपत निघाली, तर इतरांनी दोरीबाहेर उभे राहावे काय? माळेगावची देवस्वारी मात्र सर्वांस खुली. म्हणून तेथील जिलेबीस जिलेबीचेच मोल पडते.

नांदेडास तर, जेथे १७०८ साली गुरु गोविंदसिंहांनी देह ठेविला, त्या सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरात रावरंक एकाच पंगतीस विनामूल्य जेवतात. सारांश, ज्या गोडाने पंगत दुभंगते ते फुकटही महाग. आणि जे आजीपासून धाकट्या नातवापर्यंत सर्वांच्या हाती पडते, ते दुप्पट दरानेही स्वस्तच होय.