सीताबर्डीहून राजासोरसकडे

नागपूरच्या सीताबर्डीत राहणाऱ्याला रेल्वे स्टेशन गाठायला फार खटपट लागत नाही. व्हेरायटी चौक ओलांडायचा, मानस चौकातून पुढे व्हायचं, टेकडीच्या गणपतीला हात जोडायचे की स्टेशन आलंच. संध्याकाळची विदर्भ एक्स्प्रेस आम्ही अशीच पकडली. बरोबर आई आणि माझी भाची. भाची सातवीत होती आणि वर्गातल्या सगळ्यांच्या तोंडी खोपोलीजवळच्या इमॅजिका थीम पार्कचं नाव होतं. एप्रिल 2013 मध्ये ते उघडलं होतं, हिवाळा सुरू झाला होता आणि सुट्टीत कुठे जायचं हा प्रश्न तिने आमच्यासाठी शिल्लकच ठेवला नव्हता.

माझ्या लहानपणी पाळणे म्हणजे कस्तुरचंद पार्कवरचा मीनाबाजार, नाहीतर ताजबागच्या उरुसातली जत्रा. आकाशपाळणा, लाकडी घोडे आणि जीव मुठीत धरून बघायचा तो मौत का कुआँ. 1989 मध्ये मुंबईला गोराईच्या किनाऱ्यावर एस्सेल वर्ल्ड उघडलं. टीव्हीवरच्या जाहिरातीमुळे ते आमच्या घराघरात माहीत झालं, पण नागपूरहून प्रत्यक्ष जाऊन येणारी मुलं मोजकीच. जाऊन आलेला एखादा वर्गात असला की मधल्या सुट्टीत त्याच्याभोवती गराडा पडायचा. त्या गराड्यात मीही असायची. त्यामुळे या प्रवासाची उत्सुकता एकट्या भाचीची नव्हती.

गाडी वर्धा, बडनेरा, अकोला करत रात्रीत शिरली. पहाटे कल्याणला उतरलो आणि खोपोलीची लोकल धरली. कर्जतपर्यंत गर्दी होती, नंतर डबा रिकामा झाला. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी अशी छोटी छोटी स्टेशनं आणि डाव्या हाताला सह्याद्रीची भिंत. आम्ही सपाटीवरची माणसं. एवढा उभा डोंगर इतक्या जवळून बघताना खिडकी सोडवत नाही.

खोपोलीत घाटावरून खाली उतरणारे टाटांचे जाड नळ दिसतात. वरच्या तलावांचं पाणी शेकडो मीटर खाली सोडून वीज तयार करण्याचं काम इथे 1915 पासून चाललं आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांची यंत्रं या विजेवर फिरली. भाचीला मी ते नळ मुद्दाम दाखवले. उंचावर नेलेली वस्तू खाली येताना किती जोर देते, हे त्या दिवशी तिला अंगावरच अनुभवायचं होतं.

तिथून रिक्षाने पालीच्या रस्त्याला लागलो. आईने आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, तिची नजर उद्यानाच्या पाट्यांपेक्षा डोंगराच्या खिंडींवर होती. "याच भागात उंबरखिंड आहे. 1661 मध्ये राजांनी करतलबखानाला इथंच कोंडला. त्याच्यासोबत आपल्या माहूरची रायबागन होती, तिनंच त्याला शरण जायचं शहाणपण सुचवलं." रिक्षावाल्याने मागे वळून मान डोलावली. चावणीचा फाटा कुठे लागतो तेही सांगितलं. आईला तिथे उतरायचंच होतं. परतताना बघू, असं म्हणून कसंबसं तिला पुढे नेलं.

इमॅजिका उभं केलं मनमोहन शेट्टी यांनी. फिल्म प्रोसेसिंगच्या ॲडलॅब्सचे हे शेट्टी 1983 च्या 'अर्धसत्य'चे एक निर्माते. श्री. दा. पानवलकरांची कथा, तेंडुलकरांची पटकथा, ओम पुरींचा वेलणकर आणि सदाशिव अमरापूरकरांचा रामा शेट्टी. त्या सिनेमामागे उभा राहिलेला माणूस पुढे थीम पार्क काढतो, याचं काहींना नवल वाटेल. मला ते सुसंगत वाटलं. आत शिरल्यावर जिकडे तिकडे दिसते ती सिनेमाचीच कला: देखावा, प्रकाश, आवाज आणि अंधाराचा नेमका वापर. 'मिस्टर इंडिया'वर बेतलेली राइड आहे, अलिबाबाच्या गुहेत चोरांवर नेम धरत जाणारी गाडी आहे. 'रॅथ ऑफ द गॉड्स'मध्ये प्राचीन मंदिरासारख्या दालनात आग, वारा आणि पाणी अंगावर येतात. नुसती यंत्रं आणून उभी केली असती तर ती जत्राच झाली असती. इथे प्रत्येक यंत्राला गोष्ट दिली आहे आणि रांगेत उभं असतानाच ती सुरू होते.

भाचीने पहिला मोर्चा वळवला नायट्रो या रोलर कोस्टरकडे. साधारण 40 मीटर उंच, ताशी 105 किलोमीटरपर्यंत वेग आणि वाटेत पाच वेळा माणूस उलटा. रांग सरकते तशी वरून जाणाऱ्यांची किंकाळी ऐकू येते आणि पुढच्यांची बडबड हळूहळू बंद होते. आमचा नंबर आला. खांद्यावरून आडवी येणारी जाड कडी खाली ओढली, कर्मचाऱ्याने ती प्रत्येकाची हलवून तपासली. मग पायाखालची जमीनच बाजूला सरकली. या प्रकारच्या कोस्टरला तळ नसतो, पाय मोकळे लोंबकळतात. "मावशी, खालचं सरकलं ना वं!" भाचीचा आवाज चिरकला.

गाडी चढाला लागली. खालून साखळी ओढत असते आणि खट खट असा एकसारखा आवाज येत राहतो. तो आवाज म्हणजे गाडी मागे घसरू नये म्हणून दातऱ्यात अडकत जाणारी खुंटी. चढताना तो घाबरवतो, पण खरं तर तो सगळ्यात दिलासा देणारा आवाज आहे. शिखरावर पोचलं की साखळीचं काम संपतं. पुढच्या साऱ्या वाटेला ओढणारं कुणी नाही. चढताना साठवलेली उंचीच वेग होते आणि तो वेग पुढचे सगळे फेरे पुरवून वापरला जातो. म्हणून पहिला उतार सगळ्यात मोठा असतो आणि पुढचं प्रत्येक वळण त्याच्यापेक्षा बुटकं. गाडी रुळावरून सुटत नाही, कारण चाकांचा एक संच रुळाच्या वर असतो, एक बाजूला आणि एक खालून धरलेला.

हे सगळं मला माहीत होतं. उताराच्या टोकावर त्यातलं काही कामाला आलं नाही. पोटात खड्डा पडला, डोंगराची रेघ डोक्याखाली गेली, गालांवरून वारा सपासप वाजत राहिला आणि मी, शाळा सोडल्यापासून कधी ओरडले नव्हते एवढ्या मोठ्याने ओरडले. उतरल्यावर भाची थरथरत होती आणि पुन्हा जाऊ म्हणत होती. 'डीप स्पेस' ही याहून वेगळी. ती छताखाली, पूर्ण अंधारात धावते. पुढचं वळण कुठे आहे हेच कळत नाही, त्यामुळे शरीराला तयारीच करता येत नाही. मला उजेडातली भीती जास्त भावली. ज्याला डोंगर बघत बघत घाबरायचं आहे त्याने नायट्रोवर बसावं.

दुपारी जेवण उरकून राजासोरसच्या नावेकडे गेलो. या सगळ्या उद्यानात माझं मन जिथे अडकलं ती ही जागा. नाव हिरव्या झाडीतून सावकाश जाते, पाण्याच्या काठाने डायनोसोर माना वळवतात, गुरगुरतात आणि मग अचानक उतार येतो, नाव खाली कोसळते आणि सगळे चिंब. आमच्या पुढच्या बाकावरच्या आजोबांनी चष्मा मुठीत घट्ट धरला होता आणि पाणी उडाल्यावर लहान मुलासारख्या टाळ्या पिटल्या.

रांगेत मागे उभा असलेला एक मुलगा आपल्या बाबांना विचारत होता, "हा खोटा डायनोसोर आहे ना? राजा म्हणजे आपलं नाव, म्हणून?" बाबा हो म्हणाले. मला राहवलं नाही. मी त्याला म्हटलं, "नाही रे बाळा, हा खरा आहे. आपल्याच देशातला आहे."

राजासोरस नर्मदेन्सिस. त्याची हाडं गुजरातेत बालासिनोरजवळच्या रहिओली गावी सापडली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे सुरेश श्रीवास्तव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ती खणून काढली आणि कुठलं हाड कुठे पडलेलं होतं याचे नकाशे जपून ठेवले. ते नकाशे होते म्हणूनच पुढे जेफ्री विल्सन, पॉल सेरेनो, अशोक साहनी आणि श्रीवास्तव अशा भारतीय नि अमेरिकी अभ्यासकांना विखुरलेल्या तुकड्यांतून एक प्राणी जुळवता आला. 2003 मध्ये त्याचं बारसं झालं. मांसाहारी, कपाळावर एक बुटकं शिंग, आजपासून सुमारे पावणेसात कोटी वर्षांपूर्वीचा. तो मुलगा तोंड उघडं ठेवून ऐकत होता आणि त्याच्या बाबांनी नाव परत विचारून मोबाइलमध्ये लिहून घेतलं.

भाचीचा प्रश्न पुढचा होता. "आपल्याकडे होते का?" होते. राजासोरसची हाडं ज्या लमेटा थरांत सापडली, त्याच जातीचे थर नागपूर आणि चंद्रपूरपर्यंत पसरलेले आहेत. आमच्या सीताबर्डीची टेकडी सगळ्यांना ठाऊक आहे ती 1817 च्या नोव्हेंबरात अप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य आणि इंग्रज यांच्यात झालेल्या लढाईमुळे. पण ती टेकडी मुळात लाव्हाची. स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या दोन मिशनऱ्यांनी ही टेकडी आणि टाकळीचा परिसर पायाखाली घातला, लाव्हाच्या दोन थरांमध्ये सापडणाऱ्या तळ्यातल्या गाळाचे आणि शिंपल्यांचे नमुने गोळा केले आणि नागपूरच्या भूरचनेवरचा त्यांचा निबंध 1855 मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. हिस्लॉप 1863 मध्ये टाकळघाटहून परतताना नदीच्या पुरात वाहून गेले. त्यांच्या नावाच्या कॉलेजात आमच्या पिढ्यान्‌पिढ्या शिकल्या, पण त्यांच्या दगडांबद्दल त्या कॉलेजच्या वाटेवर मला कुणी सांगितल्याचं आठवत नाही.

वरोऱ्याकडच्या पिसदुऱ्याची गोष्ट तर आणखी मोठी. तिथे डायनोसोरच्या विष्ठेचे दगड झालेले गोळे सापडतात. लखनऊच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते गोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा त्यांत गवताचे सिलिकाचे कण मिळाले. 2005 मध्ये 'सायन्स'मध्ये ते प्रसिद्ध झालं. डायनोसोरांच्या काळात गवत होतं आणि ते त्यांच्या पोटात जात होतं, हे जगाला चंद्रपूर जिल्ह्यातल्या मातीने सांगितलं. भाचीला आधी हसू आलं, मग ती गंभीर झाली. "म्हणजे शेणावरून कळलं?" "हो, शेणावरूनच." नावेतून उतरून अंग निथळत असतानाही तिचे प्रश्न थांबले नव्हते.

थीम पार्कमध्ये परदेशी परीकथा आणून लावणं सोपं असतं. इथे कुणीतरी बसून आपल्या मातीतल्या प्राण्याचं नाव शोधलं, त्याला होडी, नदी आणि गर्जना दिली, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. एका दुपारी हजारो मुलं हे नाव ओरडत घरी जातात. पाठ्यपुस्तकाला ते अजून जमलेलं नाही.

आई दिवसभर पिशव्या सांभाळत बाकावर बसली होती. "मला कायले त्या पालथ्या गाडीत बसवतेस वं" असं तिचं चाललं होतं. 'आय फॉर इंडिया'ला मात्र आम्ही तिला बळेच नेलं. खुर्च्या उचलल्या जातात, पाय अधांतरी राहतात आणि समोरच्या अवाढव्य गोल पडद्यावरून देश खाली सरकू लागतो. आईने माझा हात पकडला, मग सोडला. बाहेर आल्यावर म्हणाली, "मुलांना नकाशा शिकवताना हे असं दाखवायला पाहिजे होतं गं मला. तीस-पस्तीस वर्षं काठीनं दाखवत होते."

संध्याकाळी उंबरखिंडीला जायला उजेड उरला नव्हता. आई हिरमुसली, पण दुसऱ्या दिवशी सकाळी पालीला बल्लाळेश्वराचं दर्शन आणि येताना खिंड असा बेत ठरला. चावणीच्या स्मारकाशी ती अर्धा तास उभी होती. कोण कुठून आलं, कुठे अडलं, हे हाताने दाखवत तिने भाचीला पूर्ण लढाई समजावली.

परतीच्या गाडीत भाचीने वहीत यादी केली. नायट्रो वर होतं, त्याच्या खाली राजासोरस. मग एक रेघ मारून तिने लिहिलं: रहिओली, पिसदुरा, टाकळी. टाकळी सोडली तर पिसदुरा सगळ्यात जवळ, तेव्हा आधी तिथेच जायचं असं तिचं म्हणणं होतं आणि बडनेरा येईपर्यंत वरोऱ्याला जाणाऱ्या एसटीच्या वेळा मला विचारून झाल्या होत्या.