एकवचनी साक्ष

१५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने खननाचा मार्ग सोडला, तेव्हापासून त्या अखंड खातेवहीची राखण विजेच्या उधळपट्टीवर नव्हे, तर अनामत ठेवून रुजू झालेल्या साक्षीदारांच्या सचोटीवर अवलंबून आहे. आणि ३२ ईथर तारण ठेवून जो असा साक्षीदार, म्हणजेच व्हॅलिडेटर, उभा करतो, त्याने यंत्राच्या सामर्थ्याआधी स्वतःच्या सावधपणाची पारख करावी, असे माझे अनुभवान्ती मत झाले आहे.

उभारणीचे काम शांत चित्ताने करण्याजोगे आहे. व्यवहार पडताळणारा गेथ किंवा नेदरमाइंड आणि सहमती राखणारा लाइटहाउस किंवा टेकू, अशा दोन प्रणाली एकाच यंत्रात नांदवून दोघींच्या हवाली एकच गुप्त खूण करावी. ३०३०३ आणि ९००० ही पोर्टे जगासाठी उघडी ठेवावी, पण त्या दोघींच्या आपसातील संभाषणाचे ८५५१ बाहेरच्यांस सदैव बंद असावे. घड्याळ अचूक मिळवावे, कारण इथला प्रत्येक स्लॉट १२ सेकंदांचा, आणि असे ३२ स्लॉट मिळून होणाऱ्या प्रत्येक इपॉकमध्ये, म्हणजे दर ६ मिनिटे २४ सेकंदांत, आपल्याला एकदा साक्ष द्यायची असते.

आषाढातील एका रात्री वीज गेली आणि परतली, तरी माझे यंत्र काही केल्या जागे होईना. दुसरे यंत्र सज्ज होते, साक्षीवर सही करणाऱ्या किल्ल्यांची प्रत हाताशी होती, आणि गैरहजेरीचा प्रत्येक क्षण मनाला टोचत होता. तरीही हात आखडला, कारण निपचित पडलेले जुने यंत्र मागाहून उठून बसते, तर एकाच किल्लीने दोन परस्परविरुद्ध साक्षी नोंदल्या गेल्या असत्या. गैरहजर साक्षीदाराला दंड होतो तो किरकोळ, बहुधा त्या वेळात मिळाली असती त्या कमाईएवढाच; दुहेरी साक्ष देणाऱ्याची मात्र अनामत कापली जाते आणि त्याला कायमचे हद्दपार व्हावे लागते. म्हणून मी जुन्या यंत्राची तार उपसली, त्यातील डिस्क काढून बाजूला ठेवली, अनेक इपॉक निमूटपणे सरू दिले, आणि मगच नव्या यंत्रात किल्ल्या ठेवल्या.

या व्यवसायात नव्याने येणाऱ्यांस माझे सांगणे एवढेच की, एक किल्ली एकाच यंत्रात असावी, आणि जुन्या यंत्रातून ती गेल्याची स्वतःच्या डोळ्यांनी खात्री केल्यावाचून ती दुसऱ्यात ठेवू नये.