कापश्याचा खाऊ

आमच्या घरी कापश्या आला तेव्हा तो दोन ओंजळींत मावेल एवढा होता. पामेरियन जातीचे ते पांढरेशुभ्र पिलू ओटीवर निजले, की सावरीचा कापूस वाऱ्याबरोबर उडून तेथे पडला आहे असे वाटे. म्हणून त्याचे नाव कापश्या. आमचे घर वसईजवळच्या गिरीज गावात, हिराडोंगरीपासून फार दूर नाही. मागच्या अंगाला केळीची लहानशी वाडी आणि तिच्या कडेला बावखल. दुपारी सारे निजले म्हणजे केळीच्या पानांची सळसळ तेवढी ऐकू येते. अशा निवांत घरात एक इवलासा जीव आला, मग त्याचे कोडकौतुक किती झाले असेल हे काय सांगावे!

आई पहाटे चहा घेताना त्याला दुधात बुडविलेले बिस्किट देई. दादा वाडीतून परतताना ओल्या खोबऱ्याचा तुकडा आणीत असे. वहिनी पोळ्या करीत असली, की पहिली तुपाची चतकोर कापश्याची. मी स्वतः जेवताना तळलेल्या मासळीचा काटा काढून घास त्याच्यापुढे ठेवी आणि आपण फार मोठी काळजी घेतली असे मला वाटे. माझी अकरा वर्षांची पुतणी शाळेच्या डब्यात मुद्दाम काहीतरी शिल्लक ठेवून आणी. मौज अशी, की प्रत्येकाला वाटे, एवढ्याशाने काय होते? बाकीचे थोडेच त्याला काही देतात! कापश्याने मात्र कोणाचेच गुपित फोडले नाही. जो देईल त्याच्यापुढे तो सकाळपासून उपाशी असल्यासारखा मुद्रा करून बसे.

दर आठ-दहा दिवसांनी त्याचे पोट बिघडू लागले. कधी वांती, कधी जुलाब. मग तो पाटाखाली जाऊन बसे आणि हाक मारली तरी नुसती शेपटी हलवी. आम्ही ऋतूला दोष दिला, पाण्याला दिला, एकदा तर वाडीत फवारलेल्या औषधालाही दिला. शेवटी त्याला टोपलीत घालून पशुवैद्यांकडे नेले. त्यांनी त्याचे पोट दाबून पाहिले, ताप पाहिला आणि मग औषध लिहिण्याऐवजी आम्हांलाच विचारले, "याला दिवसभरात कोण कोण काय देते?"

आम्ही एकेक वस्तू सांगू लागलो. यादी जसजशी लांबत गेली तसतसे आमचे आवाज बारीक होत गेले. डॉक्टरांनी कापश्याला तराजूवर ठेवले. साडेतीन किलो! माझ्या पुतणीकडे वळून ते म्हणाले, "तुझे वजन किती? पस्तीस? म्हणजे याच्या दहापट. आता तू याला एक बिस्किट दिलेस, ते ढोबळमानाने तू दहा बिस्किटे खाल्ल्यासारखे झाले. आणि तुमच्या घरात देणारी माणसे पाच!"

त्यांनी हिशेबच मांडून दाखविला. एवढ्या लहान कुत्र्याला दिवसाला सुमारे 250 कॅलरी पुरतात. वरचा खाऊ त्यातला दहावा हिस्सा, म्हणजे 25 कॅलरींच्या आत असावा. ग्लुकोजचे एक लहान बिस्किटच जवळजवळ तेवढे भरते. चहाचा एक चमचा तूप तर 40 च्या वर जाते. शिवाय मोठेपणी पुष्कळ कुत्र्यांना दुधातील साखर पचत नाही. तेलातुपाचे जड अन्न पोटात गेले तर स्वादुपिंडाला सूज येऊन प्राणावर बेतू शकते. माझ्या तळलेल्या मासळीचा आणि दादाच्या खोबऱ्याचा गुन्हा तेथेच सिद्ध झाला.

संत नामदेवांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. कुत्र्याने पोळी पळविली, तेव्हा ती त्याने कोरडी खाऊ नये म्हणून तुपाची वाटी घेऊन नामदेव त्याच्यामागे धावले. लहानपणी ही गोष्ट ऐकताना माझे डोळे भरून येत, आणि अजूनही ती मला तितकीच प्रिय आहे. पण आमच्या घरी एकाच चिमुकल्या कुत्र्यामागे पाच नामदेव पाच वाट्या घेऊन धावत होते, त्याला काय करावे? पोळीबद्दल म्हणाल तर तिचे काही फार बिघडत नव्हते. स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनी 2013 मध्ये दाखवून दिले, की पिष्टमय अन्न पचविणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यापाशी दोनच प्रती असतात, तर कुत्र्यांपाशी चारपासून तीसपर्यंत सापडतात. हजारो वर्षे माणसाच्या दारी राहून कुत्र्याने आपली भाकरी पचवायला शिकून घेतली आहे. वाटीभर तूप पचवायला मात्र आमचा कापश्या शिकला नव्हता.

त्या दिवसापासून घरात पथ्य सुरू झाले. पुतणीने शंभर पानी वही घातली आणि आपण होऊन मुख्य वैद्यपद स्वीकारले. नियम असा, की नवा पदार्थ एका वेळी एकच, तोही सुपारीएवढा, आणि चार दिवस पोट बिघडले नाही तरच पुढचा. दोन नव्या गोष्टी एकदम दिल्या आणि पोट बिघडले, तर चोर कोणता हे कसे कळणार? तिच्या वहीतील नोंदी मी अजून जपून ठेवल्या आहेत. "लाल भोपळा, नुसता उकडलेला, मीठ नाही. शौचास घट्ट. वृत्ती आनंदी." "कोंबडी, उकडलेली, कातडी व हाड काढून. वृत्ती अत्यंत आनंदी. आणखी मागितली. दिली नाही." "गाजर. चावले, थुंकले, पुन्हा चावले, खाल्ले." "रताळे बरे." "वेलची केळ्याची एक चकती चालली. दुसरी काकांनी चोरून दिली, म्हणून प्रयोग रद्द."

वहीच्या शेवटच्या पानावर तांबड्या शाईने अपथ्याची यादी होती. कांदा आणि लसूण, कारण त्यांनी कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. म्हणजे आमच्याकडच्या कोणत्याही कालवणाचा रस बाद. चॉकलेट. शिजविलेली हाडे, कारण ती चावताना त्यांच्या अणकुचीदार चिरफळ्या होतात. बिनसाखरेच्या च्युइंगममध्ये असणारे झायलिटॉल. आणि द्राक्षे, मनुका, बेदाणे. या शेवटच्या शब्दांखाली डॉक्टरांनी स्वतः दोन रेघा ओढल्या होत्या. द्राक्षांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. एखादा कुत्रा मूठभर खाऊनही धडधाकट राहतो, तर दुसरा चार-सहा मनुकांनी आजारी पडतो. म्हणून अमुक इतक्या चालतील असे कोणी सांगूच शकत नाही. द्राक्षांतील टार्टारिक आम्ल हे याचे कारण असावे, असा तर्क 2021 मध्ये अमेरिकेतील पशुवैद्यांनी मांडला. तेच आम्ल चिंचेतही असते, म्हणून चिंचही तांबड्या शाईत गेली.

दोन महिने कापश्याचे पोट एकदाही बिघडले नाही. त्याच्या अंगावर तेज आले.

मग नाताळ आला. गिरीजमध्ये नाताळ हा काही एकाच घराचा सण नसतो. दारोदारी चांदण्या लागतात आणि फराळाची ताटे कुंपणाच्या या बाजूहून त्या बाजूला जातात. शेजारच्या मावशींनी आमच्याकडे करंज्या आणि घरी केलेला केक पाठविला. आम्ही सारे ओटीवर बसून खात होतो. कापश्या एकेकाच्या तोंडाकडे पाहत होता. त्याच्या वाटीत त्या दिवशीचा भोपळा होता, आणि त्याच्याकडे तो ढुंकूनही पाहत नव्हता.

तासाभराने पुतणी माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. चेहरा पांढराफटक. हातात ती वही.

"काका, मी त्याला केक दिला."

"किती?"

"माझा अर्धा तुकडा. सण होता ना... सगळे खात होते आणि तो एकटाच..." पुढे तिला बोलवेना. "त्यात मनुका होत्या. मला आत्ता वहीत लिहिताना आठवले."

म्हणजे आपला अपराध तिने वहीत लिहायला घेतला होता! खरे सांगतो, मला आधी राग आला. ज्या हाताने ती तांबडी यादी लिहिली त्याच हाताने केक दिला! पण कापश्या अंगणात शेपटी हलवीत खेळत होता. तिने तोंड मिटून ठेवले असते, तर सकाळपर्यंत कोणालाही काही कळले नसते. रागावण्यात घालवायला वेळ नव्हता. मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "घरी मीठ वगैरे पाजून वांती करवू नका, त्याने भलतेच होईल. असाल तसे निघा." दादाने रिक्षा आणली. वाटेतल्या घराघरांवर चांदण्या लुकलुकत होत्या, आणि पुतणी कापश्याला पोटाशी धरून वाटभर एक शब्दही न बोलता बसली होती.

डॉक्टरांनी औषध टोचून त्याला वांती करविली. त्यातून सहा मनुका निघाल्या. त्यांनी त्या मोजल्या, घड्याळ पाहिले आणि विचारले, "खाल्ल्याचे कोणी सांगितले?" पुतणी मान खाली घालून पुढे झाली. ते एवढेच म्हणाले, "दोन तासांच्या आत आणलेत. उद्या रक्त तपासू, परवा पुन्हा, आणि तेरवा एकदा."

ते तीन दिवस घरात कोणी मोठ्याने बोलले नाही. मला तर माझी ती दुसरी चोरटी चकती राहून राहून आठवे. मी तरी कोणत्या तोंडाने तिला रागावणार होतो? तिसऱ्या दिवशी मूत्रपिंडे ठीक असल्याचे कळले, तेव्हा आई देवापुढे साखर ठेवायला गेली. त्यातली चिमूटभर कापश्याला देण्यासाठी तिचा हात पुढे झाला, पण तिचा तिनेच तो मागे घेतला.

पुढच्या कार्तिकात आम्ही निर्मळच्या जत्रेला गेलो. त्या जत्रेतील सुकेळी प्रसिद्धच आहेत. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवितात, मग ती मधासारखी गोड आणि पिवळीजर्द होतात. केळीच्या सुक्या पानांत बांधलेली सुकेळी आम्ही विकत घेतली. घरी येऊन पुडा सोडला मात्र, कोठे होता कोण जाणे, कापश्या धावत आला आणि आमच्या मधोमध बसला. पुतणीने खिशातून पत्र्याची लहान डबी काढली. तिच्यात उकडलेल्या रताळ्याचे सुपारीएवढे तीन तुकडे होते. त्यातला एक तिने तळहातावर धरला. कापश्याने तो हुंगला, माझ्या हातातील सुकेळ्याकडे एकदा पाहिले, पुन्हा तिच्या तळहाताकडे पाहिले. मी सुकेळे हळूच पाठीमागे नेले.

"काका," पुतणी वर न पाहताच म्हणाली, "मला दिसते आहे हं."

तोवर कापश्याने रताळे खाऊन टाकले होते आणि तो डबीकडे पाहत बसला होता.