विषयाकडून प्रश्नाकडे

पीएच.डी.च्या नोंदणीसाठी येणाऱ्या विद्यार्थ्याला मी प्रथम एकच विचारतो : 'तुम्हांला नेमके काय कळलेले नाही ?' बहुतेकांजवळ विषय असतो, प्रश्न नसतो. साहित्याकडून भाषाशिक्षणाकडे वळणाऱ्यांच्या बाबतीत हे विशेषत्वाने जाणवते. 'आदिवासी विद्यार्थ्यांच्या मराठी वाचनातील अडचणी : एक चिकित्सक अभ्यास' हे शीर्षक भारदस्त खरे, परंतु अडचणी आहेत आणि त्या विद्यार्थ्यांच्याच आहेत, हे त्यात आधीच ठरून गेलेले असते. मग प्रश्नावल्या भरून घेणे आणि शेकडेवारी काढणे एवढेच उरते.

प्रश्नाची दिशा बदलली की काय घडते, हे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कार्यात पाहावयास मिळते. १९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू झालेले हे काम १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली मुले शाळेत येत नाहीत, याचे खापर पालकांच्या अनास्थेवर फोडणे सोपे होते. पण मूल दिवसभर काय करते, असे विचारताच गुरे राखणारे आणि धाकटे भावंड सांभाळणारे मूल दिसू लागते. पाड्यावरची अंगणवाडी आणि गुरांमागे जाणारी कुरणशाळा यांचे मर्म या दृष्टीत आहे.

हाच धडा वरील शीर्षकाला लावून पाहू. घरी वारली बोलणारे तिसरीतील मूल मराठी उतारा घडाघडा वाचते, पण त्यातले काही सांगू शकत नाही. येथे अडते कोठे : लिपीपाशी, की भाषेपाशी ? हा प्रश्न लहान आहे; मात्र त्याचे उत्तर आपल्याला आधी ठाऊक नाही. संशोधनाचा आराखडाही त्यातूनच निघतो. सारख्या लांबीच्या आणि काठिण्याच्या तीन गोष्टी घ्याव्यात. एक मुलाने मराठीत वाचावी, दुसरी मराठीत ऐकावी, तिसरी वारलीत ऐकावी. तिन्ही त्याने आपल्या बोलीत सांगाव्यात. कोणती गोष्ट कोणत्या रीतीने आणि कितव्या क्रमाने यावी, हे मुलागणिक बदलावे. अन्यथा गोष्टीची गोडी किंवा मुलाचा थकवा यांनाच आपण निष्कर्ष समजू. ऐकणारा त्याच बोलीचा असावा. पालकांची संमती घ्यावी आणि या कथनाला गुण देऊ नयेत.

मराठीत ऐकलेली गोष्ट मूल नीट सांगते, वाचलेली मात्र नाही, असे आढळले तर वाचन शिकवण्याच्या पद्धतीकडे पाहावे लागेल. केवळ वारलीतली गोष्टच त्याला सांगता आली, तर अडसर पाठाच्या भाषेचा आहे. तीही सांगता आली नाही, तर संकोच, स्मरण अथवा आपली कसोटीच तपासावी लागेल. यांपैकी कोणतेही उत्तर येऊ शकते आणि प्रत्येक उत्तराने शिक्षकाचे उद्याचे काम बदलते. 'कच्चा' हा शेरा मात्र तिन्ही मुलांवर सारखाच बसतो आणि वर्षानुवर्षे पुसला जात नाही.

अशा कामास साहित्याचा अभ्यासक अपात्र आहे, असे मला वाटत नाही. मुलाने काय गाळले, काय जोडले, कोणत्या पात्राला बोलते केले, हे वाचण्याची दृष्टी आपल्या विद्याशाखेनेच आपल्याला दिली आहे. ती कोष्टकातल्या आकड्यांच्या जोडीस आणणे, हे आपले काम आहे.