जोहान्सबर्गचा तुरुंग आणि परसदारचा कोनाडा

आफ्रिकेत जाऊन सिंह न पाहता परत आलेला माणूस म्हणून आमच्या आळीत अजून माझी चेष्टा चालते. चेष्टा करणाऱ्यांचे काही चुकत नाही. २०२३ च्या ऑगस्टात भाचीच्या आग्रहावरून आम्ही उभयता जोहान्सबर्गला गेलो, तेव्हा मीही सिंहाच्याच तयारीने गेलो होतो. नवी दुर्बीण घेतली होती. पण पहिल्याच सकाळी भाची म्हणाली, “मामा, सिंह कुठं पळून जात नाहीत. आधी मी तुम्हाला दोन जागा दाखवते, मग सिंहाचं बघू.” त्या दोन जागा पाहिल्यानंतर दुर्बीण पेटीतच राहिली.

ऑगस्ट म्हणजे तिकडचा हिवाळा. आभाळ स्वच्छ निळे, गवत वाळून पिवळे आणि हवा अशी कोरडी की ओठ फुटावेत. जमिनीखालच्या सोन्यावर उभे राहिलेले हे शहर. खाणींतून उपसलेल्या मातीचे पिवळट ढिगारे अजून रस्त्याच्या कडेने दिसतात. अशाच एका जुन्या खाणीच्या शेजारी एक करमणुकीची बाग आणि कॅसिनो, म्हणजे सरळ मराठीत जुगाराचा अड्डा आहे. त्याला लागूनच २००१ साली उघडलेले अपार्थाइड म्युझियम. अपार्थाइड म्हणजे वर्णभेद, कायद्याने माणसे रंगाप्रमाणे वेगळी ठेवण्याची पद्धत. कॅसिनोचा परवाना हवा असेल तर समाजोपयोगी असे काही उभारले पाहिजे, या अटीपोटी हे संग्रहालय झाले म्हणे. जुगाराच्या पैशातून इतके शहाणे काम झाल्याचे मी तरी दुसरे उदाहरण ऐकलेले नाही.

तिकिटे काढली. माझ्या तिकिटावर ‘गोरेतर’ असे छापलेले, आमच्या हिच्या तिकिटावर ‘गोरे’! मला वाटले, काही घोटाळा झाला. पण भाची नुसती हसली. तिथे तिकिटे अशीच, कातडीकडे न पाहता, येतील तशी देतात. आणि दारेही दोन आहेत. ज्याचे जे तिकीट त्याने त्या दाराने आत जायचे. “चला,” ही म्हणाली, “लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, आज पहिल्यांदा मी गोरी ठरले!” आणि पदर सावरून ती खरोखरच निराळ्या दाराने आत गेली.

गंमत तिथेच संपली. आत अरुंद बोळ आणि जाळ्यांच्या पिंजऱ्यांत मोठी करून लावलेली ओळखपत्रे. पलीकडच्या बाजूने हिची साडी मधूनच दिसे, मधूनच नाहीशी होई. दोन-तीन मिनिटांचाच तो प्रवास, पण आपल्या बायकोला हाक मारावी की न मारावी असा विचार माझ्या मनात आला, हे कबूल केले पाहिजे. १९५० च्या कायद्याने त्या देशात प्रत्येक माणसाची रंगाप्रमाणे नोंद झाली. ज्याच्याबद्दल शंका असेल त्याच्या केसांत पेन्सिल खोवायची. ती खाली पडली तर गोरा, अडकून राहिली तर नव्हे! या परीक्षांपायी एकाच आईची मुले वेगवेगळ्या जातींत गेली. पुढे एका दालनात छतापासून फाशीचे १३१ दोर लोंबतात. त्या राजवटीत राजकीय कारणांसाठी फासावर गेलेल्यांचे ते दोर. तिथे कोणी मोठ्याने बोलत नव्हते. बाहेर करमणुकीच्या बागेतल्या पाळण्यांवरून पोरांच्या आनंदाच्या किंकाळ्या तेवढ्या ऐकू येत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुसरी जागा. शहराच्या मधोमध एक टेकडी आहे. तिला आता कॉन्स्टिट्यूशन हिल, म्हणजे घटनेची टेकडी म्हणतात. शंभर वर्षे मात्र तिची ओळख तुरुंगाची टेकडी अशी होती. १८९३ च्या सुमारास तिथे तुरुंग झाला, क्रूगर अध्यक्षांच्या सरकारने त्याभोवती किल्ल्याची तटबंदी घातली, आणि १९८३ साली तुरुंग बंद होईपर्यंत या देशातले बहुतेक मोठे लोक इथे केव्हा ना केव्हा येऊन गेले. मंडेला १९५६ साली राजद्रोहाच्या खटल्यात आले, पुन्हा १९६२ साली आले. स्त्रियांच्या तुरुंगात विनी मंडेला आल्या, अल्बर्टिना सिसुलू आल्या, आणि १९७६ साली आपल्या वंशाच्या, डर्बनच्या फातिमा मीरही आल्या. त्यांनी कोठडीत बसून तुरुंगाची चित्रे काढली.

काळ्या कैद्यांच्या विभागाचे नाव ‘नंबर फोर’. नाव साधे, पण ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा असे. उघड्या अंगणात, संडासांच्या समोर उकिडवे बसून जेवायचे. खोलीत दाटीवाटीने निजायचे. झडतीच्या वेळी उघड्या अंगाने नाचून दाखवायचे, म्हणजे अंगात काही लपवलेले नाही हे पहारेकऱ्याला कळावे. कैद्यांनी त्यातूनही आपली करमणूक शोधली होती. ते घोंगड्यांच्या घड्या घालून शिल्पे करीत. एक रणगाडा केलेला मी पाहिला; आमच्याकडे रुखवतात मांडावा इतका देखणा.

आणि याच ठिकाणी १९०८ च्या जानेवारीत मोहनदास करमचंद गांधी नावाचे अडतीस वर्षांचे बॅरिस्टर कैदी म्हणून आले. आशियाई लोकांनी नावे नोंदवून बोटांचे ठसे द्यावेत या कायद्याला त्यांनी नकार दिला होता. माझी छाती अर्थातच फुगली. तेवढ्यात आमची वाटाड्या, पंचविशीची एक काळी मुलगी, अगदी सहज म्हणाली की, गांधींना इथे सगळ्यांत जास्त खुपले ते काळ्या कैद्यांबरोबर ठेवले याचे. सुटल्यावर त्यांनी आपल्या वर्तमानपत्रात तसे लिहिले. गोऱ्यांबरोबर ठेवत नाहीत हे समजू शकते, पण ‘नेटिवां’च्या पंक्तीला बसवले हे सोसवत नाही, असा त्या लिखाणाचा आशय.

माझा चेहरा उतरलेला पाहून ती म्हणाली, “ते पुढे बदलले. आम्ही दोन्ही सांगतो.”

आम्ही दोन्ही सांगतो! या देशात शिडी नुसती दोन पायऱ्यांची नव्हती, मधल्याही पायऱ्या होत्या, आणि मधल्या पायरीवर आपली माणसे होती. १९६४ साली मंडेला आणि त्यांचे सोबती रॉबेन बेटावरच्या तुरुंगात गेले, तेव्हा एकाच खटल्यात शिक्षा झालेल्या अहमद कथराडांना, ते हिंदी वंशाचे म्हणून, लांब विजार मिळाली. वयाने वडील असलेल्या मंडेलांना अर्धी चड्डी. हिंदी कैद्याला पाव मिळे, आफ्रिकन कैद्याला मिळत नसे. वरच्या पायरीवरच्याने लाथ मारली की आपण ओरडतो. खालच्या पायरीवर आपला पाय कोणाच्या हातावर पडला आहे, हे पाहायला मान वाकवावी लागते.

टेकडीवरचा एक जुना तुरुंग पाडला, कच्च्या कैद्यांचा. त्याचे चार जिने तेवढे मनोऱ्यांसारखे उभे ठेवले, आणि त्याच्याच विटा घेऊन शेजारी देशाचे घटना-न्यायालय बांधले. २१ मार्च २००४ रोजी त्याचे उद्घाटन झाले. याच तारखेला १९६० साली शार्पव्हिलला पोलिसांनी ६९ माणसे गोळ्या घालून मारली होती. न्यायालयाच्या लाकडी दारावर घटनेतले २७ हक्क कोरले आहेत. आतल्या दालनाची भिंत तुरुंगाच्या विटांची, बिनगिलाव्याची. न्यायाधीश अकरा, आणि त्यांच्या आसनांपुढे निरनिराळ्या ठिपक्यांची गाईची कातडी लावलेली. ती पाहून आमच्या हिने नाक मुरडले. पण दोन गाईंचे ठिपके कधी सारखे नसतात, तरी कळप एकच, असा त्यातला अर्थ भाचीने सांगितला तेव्हा तिचे समाधान झाले. भिंतीला एक लांबट, बुटकी खिडकी आहे. आत बसणाऱ्याला तिच्यातून रस्त्याने जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसतात: बूट, चपला, अनवाणीही. न्याय देताना डोळ्यांपुढे असावे ते हेच, असे मला वाटले. या न्यायालयाने १९९५ साली, ही इमारत होण्याआधीच, फाशीची शिक्षा रद्द केली. त्या १३१ दोरांना दिलेले उत्तरच ते.

तिथे सगळे आलबेल आहे असे मात्र कोणी समजू नये. टेकडी उतरले की गरिबी भेटते, आणि भाचीच्या घराच्या कुंपणावर विजेच्या तारा आहेत. विटा बदलल्या तशी माणसांची पोटे अजून भरलेली नाहीत. पण आपल्या घराण्याची लाज दिवाणखान्यात मांडून ठेवायला जे धैर्य लागते, ते या देशापाशी आहे.

त्या रात्री मला झोप आली नाही. जाळीच्या त्या बोळात मला जे आठवले होते ते मी हिलासुद्धा सांगितले नव्हते.

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या वाड्याच्या परसदारी एक कोनाडा होता. त्यात कान तुटलेला एक कप असे. रविवारी लाकडे फोडायला एक गृहस्थ येत, त्यांच्याबरोबर त्यांचा मुलगा. हा मुलगा आणि मी शाळेत एका बाकावर बसत असू. साल १९६१ किंवा ६२. राज्यघटनेने अस्पृश्यता १९५० सालीच रद्द केली होती, १९५५ साली तो गुन्हाही ठरला होता. आमच्या परसदारी मात्र ती बातमी पोचली नव्हती. आजी हाक मारी, मी किटली घेऊन जाई. तो कोनाड्यातला कप काढून पुढे धरी, मी चहा ओती. पिऊन झाला की तो कप धुऊन पुन्हा कोनाड्यात ठेवी. सोमवारी आम्ही पुन्हा एका बाकावर!

वाडा पुढे विकला. तांब्या-पितळेची भांडी, अडकित्ते, समया भावंडांनी हौसेने वाटून घेतल्या. वारसा म्हणून त्या आज आमच्या दिवाणखान्यांत चमकतात. तो कप कोणी घेतला नाही. तो कुठे गेला कोणाला ठाऊक नाही.

परत आल्यावर दिवाळीत फराळाचा डबा घेऊन मी त्या माझ्या वर्गमित्राकडे गेलो. तो शिक्षक म्हणून निवृत्त होऊन साताऱ्यात राहतो. मधल्या साठ वर्षांत आम्ही लग्नाकार्यांत भेटलो होतो, पण त्या विषयावर एक अक्षर बोललो नव्हतो. मी धीर करून जोहान्सबर्गची हकीकत सांगितली आणि कपाचे नाव काढले.

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “कान तुटलेला होता होय? कप काय माझ्या ध्यानात नाही बघ. तुझा हात आहे ध्यानात. लई वरनं वतायचास तू. चहा उडायचा माझ्या बोटांवर.”

साठ वर्षे मी कपाचा विचार करीत होतो. किटली किती उंच धरली होती याचा विचार मला कधी शिवलाही नव्हता.

तेवढ्यात वहिनींनी चहा आणला. तो म्हणाला, “घे, गार होतोय.” आम्ही प्यायलो. निघताना त्याने मला कोपऱ्यापर्यंत पोचवले आणि पुन्हा ये म्हणाला. मी गेलो आहे त्यानंतर दोनदा.

वाचकहो, दिवाळीची साफसफाई तुमच्याकडेही झाली असेल, किंवा चालू असेल. माळ्यावरची अडगळ काढताना समया नि परातींच्या मागे एखादा कान तुटलेला कप हाती लागला, तर तो फेकू नका. पुसून समईशेजारी ठेवा, आणि नातवाने विचारले तर दोन्ही सांगा.